वाळूखालचा विस्तव

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ईशान आणि शलाका कोरमंगलाहून राजाजीनगरला आले ते फक्त एक कॅरीमॅट न्यायला. दुसऱ्या दिवशी रामनगरच्या बाजूला, जिथे शनिवार-रविवारी पोरंपोरी दोर लावून कातळ चढायला जातात, त्या डोंगराखाली मुक्काम ठरला होता. तंबू मिळाले होते, अंथरायची एक मॅट कमी पडत होती. शलाकाच्या आजोबांचे धाकटे भाऊ त्रिविक्रमराव, म्हणजे साऱ्या गल्लीचे अण्णा, यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू जाताना एक मॅट टाकून गेला होता, तेवढं शलाकाच्या लक्षात होतं.

"ती होय?" अण्णा जरा घुटमळले. "बरं, काढतो."

स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरून एक गुंडाळी काढली. जुन्या चादरीत बांधलेली, वरून सुतळी. धूळ झटकून त्यांनी ती ईशानच्या मांडीवर ठेवली आणि सगळे बाहेर व्हरांड्यात कॉफी घेत बसले. दिवाळी नुकतीच झाली होती. बंगळुरूची थंडी पायातून चढत होती. ईशानला ती गुंडाळी मांडीवर घेऊन बसायला बरं वाटत होतं.

अण्णा चौकशा करत होते. कोण कोण जाणार, पाणी किती नेणार, मधमाश्यांची पोळी कुठे आहेत ते माहीत आहे का. ईशान मूळचा नाशिकचा, बंगळुरूत नवा, उत्साहाने नुसता फसफसत होता.

"अण्णा, टेन्शनच नाही. सगळा कचरा परत आणणार. जागा होती तशी सोडायची, हा आमचा रूल आहे."

"आणि शेकोटी?"

"छोटीशी. सकाळी वरून वाळू टाकायची, की झालं. मागे काही दिसतसुद्धा नाही."

अण्णांनी कप खाली ठेवला.

"पाणी नाही ओतणार?"

"पाणी कशाला वाया घालवायचं? वाळू बेस्ट."

अण्णांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "शलाका, तो दिवा बंद कर, डास येतात. आणि तू स्वल्प बस रे. घाई आहे ती असू दे. ही मॅट कुणाची होती ते ऐकून जा. मला भुताखेतांचं वेड नाही. जन्म कारखान्यात गेला माझा, यंत्र बिघडलं तर का बिघडलं ते शोधणारा माणूस मी. पण हे त्या पोराने वरच्या खोलीत पाय उशीवर ठेवून मला सांगितलंय. उरलेलं त्याच्या मैत्रिणीने, श्वेताने. माझ्या पदरचं एक अक्षर नाही."

दिवा बंद झाला. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड फाटकापर्यंत येऊन थांबला होता. अण्णांनी सांगितलं ते असं.

*

त्या पोराचं नाव मकरंद. पुण्याचा. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढलेला. भाडेकरू म्हणून सोन्यासारखा. दंगा नाही, गच्चीवर सिगरेटची थोटकं नाहीत. शनिवारी मात्र घरात सापडायचा नाही. चार नवख्यांना घेऊन निघाला डोंगराकडे. चढायला असा, की कातळाला नखभर खाच असली तरी पायाचा अंगठा तिथे रोवून आरामात उभा राहायचा आणि खालच्याशी गप्पा मारायचा. म्हणायचा, "अण्णा, हातांनी चढतो तो दमतो. दगड काय म्हणतोय ते पायाला कळलं पाहिजे."

दुसरा त्याचा नाद स्वच्छतेचा. निघताना सगळ्यांना ओळीने उभं करून जमीन चाळायला लावायचा. बिस्किटाच्या पुड्याचा फाटका कोपरा, संत्र्याची साल, दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या, सगळं पिशवीत. यात खोट काढण्यासारखं काही नाही, असाच माणूस हवा. पण पुढे पुढे त्याला स्वच्छ ठेवण्यापेक्षा स्वच्छ दिसण्याची गोडी लागली. पोचल्यावर जागेचा एक फोटो, निघताना एक. दोन्ही शेजारी शेजारी लावून टाकायचा. बघा, आम्ही आलो आणि गेलो, कुणाला कळलंसुद्धा नाही. लोक वाहवा करायचे आणि हा चार दिवस फुलून असायचा.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एक चिंच आहे. चिंचेच्या पुढे मुनेश्वराची जागा. देऊळबिऊळ नाही. मोठ्या कातळाला टेकून उभा केलेला एक दगड, त्याला हळदकुंकू, आणि समोर वाळूचं अंगण. गावातला माणूस चिंचेखाली चपला काढतो आणि पुढे अनवाणी जातो. तुमच्या चढायच्या वाटा नेमक्या त्याच कातळावर, म्हणून तंबूही त्या अंगणाच्या कडेला पडायचे. गावाने कधी हरकत घेतली नाही.

तिथे निंगम्मा नावाची एक म्हातारी रोज पहाटे यायची. शेळ्या चिंचेखाली सोडायच्या, दगडासमोर उभं राहायचं, दिवा लावायचा. मकरंदला चांगली ओळखायची. त्याच्या बरोबरच्या पोरांच्या ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा घालायची. तिला शुगर होती. पाय वर्षानुवर्षं बधिर. काटा रुतला तरी घरी जाऊन पाय धुताना कळायचं. हे मकरंदला ठाऊक होतं. तिनेच एकदा हसत हसत तळवा दाखवून सांगितलं होतं.

गेल्याच्या गेल्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावरच्या शनिवारी, हे लोक तिथे होते. थंडी अशी की दात वाजत होते. मकरंद एरवी शेकोटी करू द्यायचा नाही, पण सगळे मागे लागले आणि त्या रात्री त्याने ऐकलं. सुक्या गवतापासून लांब म्हणून वाळूच्या अंगणात मधोमध लाकडं पेटवली. तेवढं शहाणपण होतं त्याच्याकडे.

पहाटे अंधारातच निघायचं होतं, डोंगराच्या पलीकडच्या बाजूला. शेकोटीत राखेखाली निखारे लाल होते. श्वेता आपली पाण्याची बाटली घेऊन आली.

"ओतू का?"

"नको. काळा चिखल होतो. डाग राहतो, फोटोत घाण दिसतं."

त्याने बुटाने वाळू ओढली. निखाऱ्यांवर पसरली. मग निरगुडीची एक फांदी तोडून वरून झाडलं. खर्र… खर्र… अंगण असं गुळगुळीत झालं, जसं सारवून ठेवलंय. फोटो काढला. निघाले.

निंगम्मा नेहमीच्या वेळेला आली. चिंचेखाली वहाणा काढल्या. नेहमीच्या जागी, अंगणाच्या मधोमध, दगडाकडे तोंड करून उभी राहिली.

तिला काही कळलं नाही. तिने दिवा लावला. कापूर लावला. हात जोडले. वास आला तिला. वाटलं, कुठे शेळीचे केस जळतायत. मान वळवून बघितलंसुद्धा, शेळ्या चिंचेखाली धड होत्या. मग पुन्हा हात जोडले… आणि म्हणायचं ते सगळं सावकाश म्हणून संपवलं. परत फिरताना पाऊल नीट टेकेना, तेव्हा तिने खाली बघितलं.

*

"अय्यो, अण्णा," शलाका म्हणाली.

"हं. मला सांगतानाही कसंतरी होतं. पण हे भूत नव्हे अजून. हे माणसाने केलेलं."

*

आधी एक पाय कापला. मग दुसरा चिघळला. हे सारं गावाला सांगून शिमग्याच्या आत म्हातारी गेली.

त्यानंतर मकरंद तिथे गेला तेव्हा चहाच्या टपरीवर गाव जमलेलं. सगळे पेटलेले. त्या रात्री कोण होतं, हाच प्रश्न. मकरंदला विचारलं. आणि या पोराने खिशातून फोन काढला. फोटो दाखवला. बघा, आम्ही निघालो तेव्हा जागा अशी होती. आणि त्याला येत होतं तेवढ्या कन्नडात म्हणाला, "नावल्ल. बेरेयवरु." आम्ही नव्हे, दुसरे कुणीतरी.

लोकांनी फोटो बघितला. वाळू गुळगुळीत, एक काडी नाही. हा तर कचरा उचलणारा पोरगा. विश्वास बसला. राग निघाला तो कॉलेजच्या पोरांच्या एका टोळक्यावर, ती त्याच आठवड्यात येऊन गेली होती. पुढच्या खेपेला त्यांना दगड मारून हाकललं, एकाचं डोकं फुटलं. मकरंदचे तंबू मात्र पडत राहिले. गावकरी त्याच्याकडे बोट दाखवून इतरांना सांगायचे, राहायचं तर असं राहा.

मला त्याने सांगितलं, "अण्णा, फोन पुढे करताना माझा हात जरासुद्धा थरथरला नाही." मेलेल्या बाईबद्दल वाईट वाटलं की नाही, कोण जाणे. पण त्याच्या त्या हाताचा मला आजही राग येतो.

मग आलं यंदाचं वर्ष. जानेवारीची सतरा तारीख. शनिवार. पौष अमावास्येची आदली रात्र.

तीच जागा. तंबू अंगणाच्या कडेला. शेकोटी नाही, आता तो ती करूच द्यायचा नाही. श्वेता दुसऱ्या तंबूत, बाकीचे त्याच्या पलीकडे. सगळे लवकर आडवे झाले. मकरंदनेही ही मॅट अंथरली, स्लीपिंग बॅग ओढली आणि झोपला.

जाग आली ती उबेने.

पाठीखाली ऊब होती. छान वाटली. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडतो, हे त्याला माहीत होतं. कूस बदलली. मग आठवलं, तंबू दगडावर नाही. वाळूवर आहे.

बाहेर आवाज झाला.

खर्र… खर्र…

कुणीतरी वाळू झाडत होतं. फांदीने. सावकाश. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे.

"श्वेता?"

आवाज थांबला नाही.

"श्वेता, काय करतेयस?"

खर्र…

श्वेताच्या तंबूतून तिचा श्वास ऐकू येत होता. ती गाढ झोपली होती. बाकीचेही. तो उठून बसला. टॉर्च लावला. तंबूच्या कापडावर बाहेरून कुणाची सावली नव्हती. काही नव्हतं. आवाज मात्र जवळ येत होता.

आणि ऊब हलली.

पाठीखाली होती ती आता कमरेखाली आली. मग मांडीखाली. एक पाऊल. थांबून दुसरं. वर नाही… खाली. वाळूच्या आत कुणीतरी चालत होतं. त्या पावलांचे तळवे खालून मॅटला लागत होते.

मकरंदने पाय आखडून घेतले. गुडघे छातीशी.

वास आला.

केस जळाल्यासारखा.

झाडणं थांबलं. अगदी तंबूच्या दाराशी. पुष्कळ वेळ काहीच नाही. मग म्हाताऱ्या बाईचा आवाज. रागावलेला नाही. दर मुक्कामाला पहाटे ऐकलेला, तोच.

"बेंकी हाकिद्दु यारु?"

विस्तव कुणी घातला?

ऐकताय ना? एवढंच विचारलं तिने. तो मला म्हणाला, "अण्णा, मला वाटतं त्या क्षणी मी 'मी' म्हणालो असतो तर…" पण तोंडात बसलं होतं ते बाहेर आलं. वर्षभर जे जे कुणी विचारलं त्याला हेच सांगितलं होतं.

"नावल्ल," तो म्हणाला. "बेरेयवरु."

…

काही नाही.

वारासुद्धा नाही.

मग मॅट एकदम थंड पडली. वास गेला. इतकं हलकं वाटलं त्याला, की तो हसला. सुटलो, असं वाटलं. पहाट होत असावी. बाहेर जाऊन मोकळा श्वास घ्यावा म्हणून तंबूची चेन उघडली. बूट घालायचं सुचलं नाही. अनवाणीच गेला. अंगण झाडलेलं होतं. गुळगुळीत. त्याच्या मनात आलं, दगडासमोर जरा उभं राहावं. राहिला. हात जोडले.

उजाडताना श्वेताला वासाने जाग आली.

ती बाहेर आली तेव्हा तो अंगणाच्या मधोमध उभा होता. दगडाकडे तोंड करून. हाक मारली तर मान वळवली, तिच्याकडे बघून नीट हसला.

"श्वेता, कसला गं वास येतोय? कुणाचे केस जळतायत?"

तिने खाली बघितलं… आणि किंचाळली.

बाकीच्यांनी त्याला उचलून बाजूला घेतलं. त्याच्या तळव्यांचं काय झालं होतं ते मी सांगत नाही, शलाका बसलीय. श्वेताने बाटलीतलं पाणी त्या जागेवर ओतलं. वाफ नाही, आवाज नाही. मग तिने दोन्ही हातांनी वाळू उकरली. कोपरभर खड्डा केला. आत वाळू गार होती. एक कोळसासुद्धा नाही. राखेचा कण नाही.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. शुगर नाही. नसा ठीक. जखमा भरल्या. पण घोट्याच्या खाली त्याला काही कळत नाही. चिमटा नाही, गार नाही, गरम नाही. रोज रात्री आरसा घेऊन तळवे बघायचे, कुठे काही लागलंय का ते. नखभर खाचेत अंगठा रोवून उभा राहणारा पोरगा. वरच्या खोलीचा जिना तो एकेक पायरी डोळ्यांनी बघून उतरायचा.

मला हे सगळं सांगितलं ते त्याच दिवसांत. मी त्याच्या वडिलांना फोन केला. विद्याधरराव पुण्याहून आले, त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून गावात घेऊन गेले. चिंचेखाली, सगळ्यांसमोर त्याने कबूल केलं. विस्तव मी ठेवला. झाकला मी. आणि ज्या पोरांना तुम्ही मारलं त्यांचा काही संबंध नव्हता. मला वाटलं होतं, लोक धावून येतील अंगावर. कुणी हात उगारला नाही. एक म्हातारा फक्त म्हणाला, "अवळिगे हेळु." तिला सांग.

त्याला दगडासमोर नेलं. त्याने तिलाही सांगितलं. तासभर हात जोडून बसला, उन्हात.

पाय होते तसेच राहिले.

*

अण्णा थांबले. समोरच्या घरातला टीव्ही कधीच बंद झाला होता. कॉफीचे कप तसेच होते.

"आता?" ईशानने विचारलं. "आता कुठे असतो तो?"

"पुण्याला. घरीच. जाताना दोर, बूट, तंबू सगळं मित्रांना वाटून गेला. ही मॅट कुणी घेईना. टाकू नका म्हणाला. ती उघड म्हणजे का ते कळेल. मग न्यायची तर ने."

शलाकाने दिवा लावला. ईशानने सुतळी सोडली, चादर बाजूला केली आणि मॅट जमिनीवर उलगडली. निळी, साधी, दुकानात मिळते तशी. पायथ्याकडच्या बाजूला एक पाऊल उमटलं होतं. डावं. लहानसं, बाईचं, बोटं एकमेकांपासून फाकलेली, जन्मात बूट न घातलेल्या माणसाची असतात तशी. फोम वितळून ठसा झाला होता.

पण तो वरून दबलेला नव्हता. या बाजूला फुगून आला होता. ईशानने मॅट उलटी केली. खोल तळवा खालच्या अंगाला होता.

त्याने ठशावर हात ठेवला. तसाच राहिला. मग हात काढून स्वतःच्या मांडीला लावला, जिथे संध्याकाळपासून ती गुंडाळी होती तिथे.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही हिला आज ऊन दाखवलं होतं का?"

"ऊन कुठलं रे?" अण्णा म्हणाले. "तो गेल्यापासून माळ्यावरच तर होती."

ईशानने मॅट शलाकाकडे सरकवली.

शलाकाने वाकून हात पुढे केला, आणि मधेच मागे घेतला.